चार लाख बावीस हजार एक

जुन्या नाशकात राहणाऱ्या माणसाने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेली मोठी संख्या कोणती, असे विचारले तर ती पगाराची किंवा बँकेतल्या शिलकीची नसते. ती ४२२००१ असते. अंतर्देशीय पत्रांवर, गॅसच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यासाठीच्या विनंतीवर आणि आता फोनवरच्या प्रत्येक खरेदीत मी ती लिहीत आलो आहे, आणि तरीही मागच्या महिन्यापर्यंत मी ती कधी संख्या म्हणून वाचली नव्हती. मी तिला ‘चार-दोन-दोन, शून्य-शून्य-एक’ असेच म्हणत होतो. शरणपूर रोडला राहणारी माझी भाची सातवीत आहे. तिच्या शाळेने एक उपक्रम दिला होता: सहा अंकी कोणतीही एक संख्या निवडा आणि तिच्याविषयी जेवढे सांगता येईल तेवढे वहीत लिहा. शनिवारी ती आमच्याकडे राहायला आली, टेबलावर पडलेल्या विजेच्या बिलावरून तिने आमचा पिन कोड उचलला आणि मोठ्याने वाचला, “चार लाख बावीस हजार एक.” त्या क्षणी ही संख्या मला पहिल्यांदा भेटली, असे म्हणायला हरकत नाही.

मुळात पिन कोड ही संख्या आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली आणि तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, संस्कृतचे विद्वान आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी. त्यांच्या रचनेत पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले दोन मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणारे कार्यालय. म्हणजे ४२२ ने नाशिक ठरते आणि ००१ ने मुख्य टपाल कार्यालय. दोन पिन कोडांची बेरीज कुणी करत नाही आणि पंचवटीचा ४२२००३ आमच्यापेक्षा दोनने मोठा आहे, या वाक्याला टपालखात्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. ही संख्या काही मोजत नाही, ती फक्त सहा अंकांची एक रांग आहे. हा मुद्दा मी मुद्दाम आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तो परत येणार आहे.

भाचीने सुरुवात शाळेत शिकवल्याप्रमाणे मूळ अवयवांपासून केली. शेवटचा अंक १ असल्याने २ आणि ५ लगेच बाद झाले. अंकांची बेरीज ४ + २ + २ + ० + ० + १ म्हणजे ९, तेव्हा ९ ने निःशेष भाग जातो आणि ४६८८९ उरतात. इथपर्यंत दोन मिनिटे लागली. पुढे दीड तास लागला. ४६८८९ च्या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ३ पुन्हा चालत नाही. ११ ची कसोटी लावताना एकाआड एक अंक मिळवले तर २१ आणि १४ येतात, फरक ७. त्यावर ती आनंदाने म्हणाली, “सात आले, म्हणजे सातने भाग जातो!” या कसोटीत फरक ७ आला म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी ७ उरते एवढेच कळते, सातशी तिचा संबंध नाही, हे समजावण्यात थोडा वेळ गेला, पण चूक इतकी गोड होती की मीही क्षणभर खात्री करून पाहिली. ७ × ६६९८ = ४६८८६. बाकी ३.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तपासताना तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते, कारण त्याहून मोठा विभाजक असला तर त्याचा जोडीदार वर्गमुळाहून लहान असणारच. ४६८८९ चे वर्गमूळ २१६ आणि २१७ च्या मध्ये येते. म्हणजे ७ पासून २११ पर्यंतच्या ४४ मूळ संख्या, आणि तेवढेच भागाकार. फोनवर एका सेकंदात उत्तर मिळते हे आम्हा दोघांनाही माहीत होते, पण उपक्रमाच्या अटीत ‘स्वतः पडताळा’ असे लिहिले होते आणि मला ती अट आवडली. अर्धे भागाकार तिने केले, अर्धे मी. मधे एक गंमत तिच्याच लक्षात आली: ७ ला बाकी ३, १७ ला बाकी ३, आणि शेवटाकडे १९७ लाही बाकी ३. हा योगायोग नाही. याचा अर्थ ४६८८९ मधून ३ वजा केले तर उरणाऱ्या संख्येला या तिघांनीही भाग जातो, आणि खरोखरच ४६८८६ = २ × ७ × १७ × १९७. शेजारची संख्या चार मूळ अवयवांत फुटते आणि तिच्यापासून अवघ्या तीन पावलांवरची ४६८८९ कुणालाच दाद देत नाही. २११ ने भागल्यावर बाकी ४७ उरली तेव्हा आम्ही पेन खाली ठेवले. ४६८८९ मूळ आहे.

तर ४२२००१ = ३² × ४६८८९. एवढे एकदा कळले की संख्येच्या कुंडलीतली बरीचशी घरे आपोआप भरतात. विभाजक सहाच: १, ३, ९, ४६८८९, १४०६६७ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज १८७५६९ येते, जी संख्येच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा ग्रीकांपासून चालत आलेल्या परिपूर्ण, अधिक आणि न्यून या तीन वर्गांपैकी ती न्यून वर्गात पडते. ३ चा वर्ग तिला भागतो, म्हणून ती वर्गमुक्त नाही. हे सगळे खरे असले तरी फार चवदार नाही; न्यून असणे हे तर संख्यांच्या बहुमताचे लक्षण आहे. सहा विभाजकांचा अर्थ मनात उतरायला नाशिककराला द्राक्षबाग बरी पडते. ४२२००१ वेली आयताकृती लावायच्या असतील तर एकच ओळ, तीन ओळी किंवा नऊ ओळी एवढेच पर्याय आहेत. नऊ ओळींत लावल्या आणि दोन वेलींत पाच फूट अंतर ठेवले तर प्रत्येक ओळ सुमारे साडेएकाहत्तर किलोमीटर लांब होते, म्हणजे सिन्नर मागे टाकून बाग शिर्डीच्या वाटेला लागते. असा मळा कुणी करणार नाही.

पण त्याच वेली दोन चौरस वाफ्यांत अगदी नेमक्या बसतात, आणि माझ्या मते या संख्येची सर्वांत देखणी गोष्ट ही आहे. कोणत्याही पूर्ण संख्येच्या वर्गाला ४ ने भागले तर बाकी ० किंवा १ च उरते, ३ कधीच उरत नाही. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकीही ३ असू शकत नाही. उलट, ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते ती प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी ती एकाच प्रकारे लिहिता येते. हे विधान फर्माने १६४० मध्ये एका पत्रात केले आणि त्याची सिद्धता द्यायला ऑयलरला शंभरएक वर्षांनी यावे लागले. पहिली बाजू सातवीतल्या मुलीला पाच मिनिटांत पटली. दुसरी बाजू मला आजही पूर्ण कागदावर मांडता येईल की नाही याची शंका आहे, पण ती वापरता मात्र येते. ४६८८९ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. म्हणजे असे दोन वर्ग कुठेतरी आहेतच, शोधायचे फक्त बाकी आहेत.

शोधताना शेवटच्या अंकाचा आधार घेतला. वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ च येतो, आणि आपल्याला बेरजेच्या शेवटी ९ हवा आहे. तो ० आणि ९ मिळून किंवा ४ आणि ५ मिळूनच होतो. म्हणजे दोघांपैकी एकाच्या शेवटी ० किंवा ५ असणार. आम्ही वरून दहाच्या पटीत उतरायला लागलो. २१० चा वर्ग ४४१००, उरले २७८९. ५२ चा वर्ग त्याहून लहान, ५३ चा मोठा, जमले नाही. २०० चा वर्ग ४००००, उरले ६८८९. भाचीने ८० चा वर्ग ६४०० धरून वर चढायला सुरुवात केली आणि ८३ वर थांबली. ८३ × ८३ = ६८८९. दुसऱ्याच प्रयत्नात सापडले म्हणून ती किंचित नाराज झाली, कारण ४४ भागाकारांनंतर तिची तयारी मोठी होती. दोन्ही बाजूंना ३ च्या वर्गाने गुणले की ४२२००१ = ६००² + २४९² मिळते. पडताळा तोंडी होतो: ३,६०,००० आणि ६२,००१. मुख्य टपाल कार्यालयाचा पिन म्हणजे सहाशे बाजूचा एक चौरस आणि दोनशे एकोणपन्नास बाजूचा दुसरा, आणि याशिवाय दोन चौरसांची दुसरी जोडी नाही.

इथपर्यंत जे सांगितले ते सारे संख्येचे स्वतःचे आहे. ती दशमान पद्धतीत लिहा, रोमन पद्धतीत लिहा किंवा चार लाख बावीस हजार एक खडे जमिनीवर मांडा. विभाजक सहाच राहतील आणि चौरस तेच राहतील. यापुढे जे येते ते तसे नाही. ते संख्येच्या अंगावरच्या कपड्यांविषयी आहे, म्हणजे दहाच्या पायावर लिहिल्यावर दिसणाऱ्या अंकांविषयी. आणि नाशिकमध्ये बसून या विषयावर लिहायचे तर आठ-दहा किलोमीटरवरच्या देवळालीला जावेच लागते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षकी. गणितात पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. त्यांचे बरेचसे लेखन त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत किंवा फारशा प्रतिष्ठित नसलेल्या नियतकालिकांत आले. अंकांशी चालणारा हा खेळ म्हणजे गणित नव्हे, असे म्हणणारे विद्वान त्यांच्या हयातीत होते आणि आजही आहेत. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि त्यानंतर जगभर त्यांचे नाव झाले. १९८६ मध्ये देवळालीलाच त्यांचे निधन झाले. नावे ठेवण्याची त्यांची हौस मला फार आवडते: १, १२१, १२३२१ या कुळातील संख्यांना त्यांनी जीआयपी रेल्वेवरच्या डेमलो नावाच्या स्थानकावरून ‘डेमलो संख्या’ म्हटले, आणि ज्या संख्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो त्यांना ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या.

४२२००१ हर्षद आहे, कारण अंकांची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातोच. मात्र यात हर्ष मानण्याचे फार कारण नाही. ज्या संख्येच्या अंकांची बेरीज ९ येते ती प्रत्येक संख्या आपोआप हर्षद असते. १० म्हणजे ९ अधिक १ या एका गोष्टीचा तो परिणाम आहे. तिच्या आधीची ४२२००० ही खरी मिळवलेली हर्षद म्हणावी, कारण तिथे बेरीज ८ आहे आणि ८ ने भाग जाईल असे बेरजेवरून मुळीच ठरत नाही, तरीही तो जातो: ५२७५०. अशा लागोपाठ येणाऱ्या हर्षद संख्यांची रांग दशमान पद्धतीत वीसाहून लांब होऊ शकत नाही, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. आमची रांग दोनाचीच. ४२१९९९ ची बेरीज ३४ आणि संख्या विषम, ४२२००२ ची बेरीज १० आणि शेवटी शून्य नाही.

आणि इथे, जवळजवळ चाळा म्हणून, मी ४२२००१ द्विमान पद्धतीत लिहून पाहिली. ती १९ अंकी येते: ११००१११०००००१११०००१. दोन एक, तीन एक, तीन एक आणि शेवटचा एक, एकूण नऊ. म्हणजे दोनच्या पायावरही अंकांची बेरीज ९ च, आणि ९ ने भाग तर जातोच, तेव्हा ती द्विमान पद्धतीतही हर्षद ठरते. फरक असा, की इथे बेरीज ९ आली म्हणून ९ ने भाग जायलाच हवा असा कुठलाही नियम नाही. दशमान पद्धतीत जे फुकट मिळाले ते द्विमान पद्धतीत खरोखर जुळून आले आहे. तीनच्या पायावर मात्र ती २१०१०२२१२२०० अशी लिहिली जाते, बेरीज १३, आणि १३ ने भागल्यावर बाकी ८ उरते; तिथे हर्ष संपला.

कापरेकर संख्या म्हणून जी ओळखली जाते ती कसोटी वेगळी. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून मिळवले तर पुन्हा २९७. सहा अंकांत याचे प्रसिद्ध उदाहरण १४२८५७ आहे, ज्याचा वर्ग २०४०८१२२४४९ आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. आमच्या संख्येचा वर्ग १७८०८४८४४००१. १७८०८४ आणि ८४४००१ यांची बेरीज दहा लाखांच्या वर जाते. नापास. हे वर्ग न करताही सांगता आले असते: अशी संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९९९९९ ने भाग जावा लागतो, ९९९९९९ मध्ये ७ हा अवयव आहे, आणि ४२२००१ व ४२२००० या दोघींपैकी कुणालाच ७ ने भाग जात नाही. कपड्यांविषयीचा प्रश्न असा अनेकदा शेवटी अंगापर्यंतच पोहोचतो.

आता वजाबाकीचा खेळ. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत एवढीच अट; अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा आणि उत्तराला हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडले. पिन कोड सुरू झाल्याचे वर्ष १९७२ घालून पाहिले तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे सर्वांत लांबची वाट. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन थांबलेल्या संख्या आहेत आणि सात संख्यांचे एक चक्र आहे, ज्यात शिरलेली संख्या कायम फिरत राहते. ४२२००१ चे अंक लावले: ४२२१०० वजा ००१२२४, उत्तर ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. आमचा पिन एकाच पावलात चक्रात पडतो. बहुसंख्य सहा अंकी संख्या शेवटी याच चक्रात येतात, त्यामुळे येण्याचे नवल नाही. पहिल्याच पावलाला येण्याचे थोडे आहे.

मग आम्ही शहर फिरलो. नाशिकरोडचा ४२२१०१ पहिल्यांदा ४१०८८६ वर जातो, तिथून ८७१७२२, ७५४४४३, ४०९९८६, ९५१७४१ असा भटकत सहाव्या पावलाला ८६०८३२ वर चक्र गाठतो. देवळाली कॅम्पचा ४२२४०१ पहिल्या पावलात ४२९९६६ देतो, मग ७४९९४३, ६५२६४४ आणि चौथ्याला ४२०८७६. पंचवटीचा ४२२००३ काढताना भाचीने माझ्याकडे पाहिले, कारण पहिलेच उत्तर ४२९९६६ आले होते. पंचवटी आणि देवळाली शहराच्या दोन टोकांना, आणि पहिल्याच पावलात दोघांची वाट एक होते. कारण शोधायला कागदाची मागची बाजू पुरली. उतरत्या क्रमात लावल्यावर पहिल्या व सहाव्या अंकातला फरक ९९९९९ ने, दुसऱ्या व पाचव्यातला ९९९० ने आणि तिसऱ्या व चौथ्यातला ९०० ने गुणून मिळवले की वजाबाकीचे उत्तर येते. अंक कोणते याला महत्त्व नाही, फरक कोणते यालाच आहे. ४३२२०० आणि ४४२२१० या दोन्हींत ते फरक ४, ३ आणि ० असेच आहेत.

हे सारे दहा हा पाया बदलला की विरून जाते, म्हणून ते दुय्यम, हा आक्षेप मला समजतो आणि सर्वसाधारण संख्यांच्या बाबतीत तो बराचसा मान्यही आहे. ६००² + २४९² पुढे ४२०८७६ चे चक्र मला स्वतःला फिके वाटते. पण सुरुवातीला नोंदवून ठेवलेला मुद्दा इथे परत येतो. पिन कोड काही मोजत नाही. तो दशमान अंकांची रांग म्हणूनच जन्माला आला आणि तशीच त्याची वर्गवारी होते. त्याचे मूळ अवयव पाडणे हाच खरे तर आगाऊपणा आहे, आणि अंक उलटसुलट लावून पाहणे हा त्याच्या स्वभावाला धरून असलेला व्यवहार. कापरेकरांच्या कसोट्या एखाद्या वस्तूला नैसर्गिकपणे लागू पडत असतील तर त्या असल्याच वस्तूला.

शेवटची कसोटी रविवारी दुपारी झाली. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. पहिली दुसरीची जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही तिला कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले, आणि आपल्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही. पुढे रेकामान नावाच्या कोलंबियन गणितज्ञाने १९७४ मध्ये असाच प्रश्न मांडल्यामुळे परदेशात त्यांना कोलंबियन संख्याही म्हणतात. त्र्यंबकेश्वर इतक्या जवळ असताना मला स्वयंभू हाच शब्द योग्य वाटतो. शंभराच्या आत त्या तेराच आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७.

४२२००१ चा जनक असलाच तर तो ४२१९ ने सुरू होणारा हवा. त्याहून लहान संख्या पोहोचत नाहीत आणि ४२२००० पासून पुढच्या ओलांडून जातात. शेवटचे दोन अंक अज्ञात धरले, ४२२००१ मधून ४२१९०० आणि पहिल्या चार अंकांची बेरीज १६ वजा केली, तर पाचव्या अंकाची अकरा पट (दहापट जागेमुळे, एकपट बेरजेत) आणि सहाव्याची दुप्पट मिळून ८५ व्हायला हवेत. पाचवा ७, सहावा ४. म्हणजे जनक ४२१९७४, अंकांची बेरीज २७, आणि ४२१९७४ + २७ = ४२२००१. तेव्हा आमचा पिन स्वयंभू नाही. त्याच्या जनकाचा जनक ४२१९४७ आहे, तेच अंक, शेवटचे दोन फक्त जागा बदललेले. आणि त्याच्या मागे कुणी नाही, तो स्वयंभू आहे. पुढच्या दिशेने ४२२००१ मध्ये ९ मिळवले की ४२२०१०, म्हणजे अंबडचा पिन. दोन पिढ्या मागे मूळपुरुष आणि पुढच्या पिढीत औद्योगिक वसाहत, हे नाशिकच्या अनेक घरांसारखेच झाले.

मी वही मिटत होतो तेव्हा ती शरणपूर रोडचा, म्हणजे स्वतःच्या घराचा पिन तपासत होती. ४२२००२. इथे ८५ ऐवजी ८६ हवेत. ८६ सम, म्हणून पाचवा अंक सम पाहिजे. ८ घेतला तर ८८ होतात, जास्त. ६ घेतला तर ६६ होऊन २० उरतात आणि सहावा अंक १० घ्यावा लागतो, जो अंकच नाही. ४ घेतला तर तूट आणखी वाढते. तिने दोनदा करून पाहिले, मग ००३ पासून ०१० पर्यंतचे उरलेले आठही पिन करून पाहिले. प्रत्येकाला जनक निघाला, ००८ आणि ०१० यांना तर दोन-दोन निघाले.

“मामा, तुझ्या पिनला जनक आहे,” ती वहीत शेवटची ओळ लिहीत म्हणाली, “माझा स्वयंभू आहे.” आणि पहिल्या पानावरचे ४२२००१ खोडून तिने उपक्रमाचे शीर्षक बदलले, त्यामुळे येत्या शनिवारी ४२२००२ च्या निम्म्याचे, म्हणजे २११००१ चे अवयव पाडायला ती पुन्हा येणार आहे.